दुधातली साय शोधणाऱ्या मालतीबाई

मालतीबाई आज पहाटे गेल्या आणि दुपारपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर त्या 'थोर समाजसेविका' झाल्या.

माझं डोकंच फिरलं.

समाजसेविका नाही हो. संशोधक. आईच्या दुधावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर. 'दूध' लिहायला लाज वाटते का रे तुम्हाला?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांची जीप चालवायचो. एसवायला असताना कॉलेज सोडलं होतं. कारण एकच, सुनंदा. तिचं लग्न एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या एका इंजिनिअरशी ठरलं, आणि मला वाटलं, आता केमिस्ट्री शिकून करायचंय काय!

दिवसभर भटकायचो, दिसेल त्याच्याशी भांडायचो. मालतीबाई आमच्या शेजारी राहायच्या. एक दिवस हाक मारली.

"गाडी येते ना चालवायला? मग गाडीत बसून रड. निदान माझं काम तरी होईल."

काम असं, की पिंपळगावच्या बाजूच्या गावांतून बाळंतिणींच्या दुधाचे नमुने बर्फात ठेवून नाशिकला आणायचे. द्राक्षबागेत, कांद्याच्या चाळीवर राबणाऱ्या अर्धपोटी बायांच्या दुधात कस उरतो का, साय किती येते, हे बाईंना मोजायचं होतं. बाळ पाजायला घेताना येणारं दूध वेगळं आणि पाजून संपताना येणारं वेगळं. दोन्ही हवं.

वाटेत मी रोज सुनंदापुराण लावायचो.

"तुझं काळीजही घालू का रे नळीत?" एकदा म्हणाल्या. "पण साय निघायची नाही. नुसता फेस!"

एका गावात भागाआजीने सरळ विचारलं, "बाई, आमच्या सुनांच्या दुधाचं तुमी करता काय?"

मी म्हणणार होतो, तपासतो. पण बाई आधीच बोलल्या, "मशीनमध्ये गरागरा फिरवते. साय वर येते, ती मोजते."

"म्हंजे घुसळता?"

"तसंच समजा."

झालं! आईचं दूध घुसळलं की आईचं आटतं, अशी तिथल्या बायांची पक्की समजूत. पुढच्या खेपेला सगळी दारं बंद.

परतताना मी भडकलो. "काय गरज होती खरं सांगायची?"

"दूध त्यांचं आहे, अविनाश."

त्यांना काळजी नमुन्यांची नव्हती. भागाआजीच्या सुनेची होती. हिरा, पहिलटकरीण. बाळ बारीक, किरकिरं. हिराचं दूध म्हणजे पाणी, असं आजीने ठरवून टाकलेलं. बाजारातून पावडरचा डबा आणून ठेवलेला.

"विहिरीचं पाणी, एकच बाटली, ती उकळणार कोण?" बाई म्हणाल्या. "हगवणीने जाईल ते पोर. मी बघितलीत अशी जाताना."

पुढच्या आठवड्यात हाताने फिरवायचं मशीन जीपमध्ये घातलं. सोबत त्यांची स्वतःची तान्ही मुलगी.

भागाआजीच्या ओट्यावर मशीन मांडलं. तमाशा बघायला बाया जमल्याच.

"आज माझं दूध फिरवायचं. आटलं तर माझं आटेल. मग तर झालं?"

"अन् ह्ये लेकरू?"

"आठ दिवसांनी परत घेऊन येते. तुम्हीच बघा, पितंय का उपाशी आहे ते."

तेवढ्यात दारातून हिरा म्हणाली, "माझंबी घ्या."

"गप गं!"

"पानीच हाय म्हनता ना, आत्याबाई? मंग पान्याला काय आटायचं?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी मान खाली घालून मशीनचे स्क्रू आवळत राहिलो.

दोघी आत गेल्या. पदराआडून नळ्या बाहेर आल्या. दोघींच्या दोन-दोन, पाजण्याआधीची आणि पाजून झाल्यावरची. दांडा फिरवायला बाईंनी आजीलाच बसवलं. आजीने तो जात्यासारखा फिरवला.

मग नळ्या उन्हात धरल्या.

आधीच्या नळीत निळसर दूध, वर सायीची नुसती रेघ. नंतरच्या नळीत मात्र चांगला जाड थर. दोघींच्याही!

"ही मी, रोज तूप खाणारी. ही तुमची हिरा. दाखवा फरक."

आजीने दोघींच्या नळ्या शेजारी-शेजारी धरून पाहिल्या.

"बाळ पीत असताना तुम्ही हिला उठवता, आजी. भाकरी टाक, पाणी आण. मग त्याला पातळच मिळणार. साय शेवटी येते. त्याला पोटभर पिऊ द्या."

आजी नळी हातात धरून बसली.

"माझं पयलं पोरगं गेलं, बाई. सासू म्हनली, तुझं दूध पानी हाय. बकरीचं पाजलं त्याला."

मग एकदम हळू आवाजात,
"म्हंजे... माझंबी पानी नव्हतं?"

"नव्हतं, आजी."

आजीने डोळे पुसले. उठली.

"हिरे, बस पाजायला. भाकरी म्या टाकते."

मी कसला गप्प बसतोय! जीप रस्त्याला लागताच विचारलं, "बाई, तुम्ही नमुन्याशिवाय शब्द बोलत नाही. आजीचं तर केव्हाचं. तुम्हाला काय माहीत?"

त्या मागे बसून मुलीला थोपटत होत्या.

"नाही माहीत. संशोधनाच्या पेपरमध्ये कधी लिहिणारही नाही ते. पण तिला कुणीतरी सांगायला हवं होतं रे."

आठ दिवसांनी गेलो, तर अख्खी आळी ओट्यावर. भागाआजीचा हुकूम, "आधी लेकरू पाजा, आमाला बघू द्या."

मला पिटाळलं विहिरीकडे. परत आलो तेव्हा सगळी दारं उघडी होती.

बाईंचा पेपर पुढे छापून आला. त्यात तक्ते होते, आलेख होते. भागाआजीचं पहिलं पोरगं नव्हतं.

बाई, ते तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत. आज मी लिहिलंय. रागवू नका.

शेवटचा नमस्कार.