मोठ्यानं म्हटलेली आमीन

चिखल्याच्या खाणीवर मँगनीज भरायला आलेला कोकणातला एक ट्रकड्रायव्हर तीन दिवस आमच्या मशिदीत मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजला माझ्या शेजारी उभा राहिला. आम्ही हनफी पंथाचे, हात बेंबीखाली बांधून इमामांच्या पठणानंतरची आमीन मनात म्हणणारे. तो शाफई पंथाचा, हात छातीजवळ बांधायचा. पहिल्या संध्याकाळी त्याची एकट्याची आमीन मोठ्यानं घुमली. नमाज संपल्यावर सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"आमच्याकडे सगळे एकदम म्हणतात, तेव्हा समुद्राची गाजही ऐकू येत नाही," तो ओशाळून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमीनला तो गप्पच राहिला. नमाजनंतर म्हातारे इमामसाहेब त्याच्याजवळ आले. "आज काहून चूप राहिले जी? तुमची बी नमाजच हाय. म्हनत जा."

तिसऱ्या संध्याकाळी मावळत्या उजेडात खाणीची धूळ तरंगत होती. त्याची आमीन उठली, आणि नकळत माझाही आवाज तिच्यात मिसळला.