सकिनाचा अंगठा

माझं अक्षर चांगलं आहे हे मी सांगायची गरज नाही, केळशीत कुणालाही विचारा. शाळा सुटली की निम्म्या गावाची पत्रं माझ्या पडवीत लिहिली जायची. मीही चढेल मास्तर, दोनदा विनवल्याशिवाय पेन उचलत नसे. त्या अक्षरापायी माझ्या हातून जे झालं, ते सांगतो.

अकबर माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला. बाप बोटींची शिडं शिवायचा, पोरगाही तेच शिकला. बावन्न साली मोंबाशाच्या एका शेठने त्याला आपल्या दुकानात शिडं आणि ताडपत्र्या शिवायला बोलावून घेतलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात मागे राहिल्या दोघी, बायको सकिना आणि आई मरियमबी.

पहिल्याच पत्रात त्याने सगळं नीट कळवलं. तिथे राहायचा पास दोन वर्षांचा, पुढे वाढवून मिळणारा, पण त्या शेठच्या नोकरीपुरताच. नोकरी सोडली की पास गेला आणि पहिल्या बोटीने परत. पण पाच वर्षं खाडा न करता काम केलं, आणि हा माणूस आम्हाला हवाच असं शेठने सरकारला लिहून दिलं, तर तिथे कायमचं राहता येईल. मग बायकोला नेता येईल. हे पत्र सकिनाने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी चिडलो, तर हसून म्हणाली, "मास्तर, पोरांचे पाढे शंभरदा ऐकता तुमी, माझंच पत्र जड झालं?"

तिची पत्रं मीच लिहायचो. ती सांगायची भरमसाट, मी लिहायचो थोडक्यात, आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. शेवटी शाईच्या चिंधीवर अंगठा दाबून ती कागदावर उठवायची. ओहोटीला खाडीतून मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, घरी आणून फोडायच्या, हे तिचं रोजचं काम. एकदा त्या शिंपल्या फोडताना कोयती लागून अंगठ्यावर आडवा वण पडला होता. ठशात तो पांढऱ्या रेघेसारखा दिसायचा.

चौथ्या वर्षी तिला खोकला लागला, पुढे रक्त पडायला लागलं. दापोलीच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. मी पेन उघडलं, तर तिने कागदावर हात ठेवला. "ह्यातलं एक अक्षर लिवायचं नाय. ते शिवण टाकून येतील. चार वर्षं पाण्यात जातील."

आमच्याकडची रीतच ती. परदेशी गेलेल्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही, तिकडे बसून तो करणार काय? मला पटलं नव्हतं. तरी मी 'इकडील सर्व खुशाल' असं लिहिलं.

छप्पनच्या श्रावणात सकिना गेली. चाळिसावा दिवस झाला आणि मरियमबी माझ्या पडवीत येऊन बसली. "सात महिने उरलेत, मास्तर. आता कळलं तर तो वेडा होऊन येल. बायको गेली ती गेली, पोराचा पाच वर्षांचा घामपण जाईल. तुमी लिवत राहा."

"आणि खाली अंगठा कुणाचा?"

"माझा."

मी भांडलो. अद्वातद्वा बोललो त्या म्हातारीला. मग लिहिलं. मोंबाशात केळशीचं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे बातमी फुटायची भीती नव्हती. सहा पत्रं लिहिली, आणि आता खोटं कशाला बोलू, मन लावून लिहिली. सकिना कशी बोलेल ते मला पाठ झालं होतं. 'यंदा मोहर भरपूर आलाय. बोटीत मला उलटी झाली तर हसायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते.' मरियमबी अंगठा उठवायची आणि मग कितीतरी वेळ तो पदराला पुसत राहायची. एकदा त्याने अर्जासाठी सकिनाचा फोटो मागितला. दापोलीचा फोटोवाला इकडे फिरकत नाही, असं मी कळवलं. फोटोचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

सत्तावनच्या मे महिन्यात अकबर हर्णैला बोटीतून उतरला आणि घरी न जाता सरळ माझ्याकडे आला. मी उठून उभा राहिलो. तो म्हणाला, "मास्तर, कबर दाखवा."

कबरीपाशी बराच वेळ बसल्यावर त्याने खिशातून कागद काढला. सरकारी शिक्क्याचा, कायमच्या मुक्कामाचा. त्यावर पत्नी म्हणून सकिनाचं नाव होतं.

"तुला कळलं कधी?" मी विचारलं.

"तुमच्या पयल्याच पत्रात. अंगठ्यावर रेघ नव्हती."

"मग आला का नाहीस? निदान विचारायचंस तरी!" अपराध माझा, आणि ओरडलो मी त्याच्यावर.

"शाई जास्त लागली आसंल म्हटलं. दुसऱ्या पत्रालाही तेच म्हटलं. इचारलं असतं तर तुमी खरं लिवलं असतं, मास्तर. मंग हा कागद कोणासाठी घेयाचा होता?"

पंधरा दिवस राहिला. आईला चल म्हणाला, ती सुनेची कबर सोडून यायला तयार नव्हती. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत तो निघाला. जाताना पत्रांचे दोन गठ्ठे घेऊन पडवीत आला. मोठा गठ्ठा त्याने सदऱ्याच्या आत ठेवला. लहान माझ्यापुढे सरकवला. "ही तुमची. तिची मी नेतो."

रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पाया पडून गेला.

त्यानंतर मी कुणाचं पत्र लिहिलं नाही. डोळे गेले म्हणून सांगतो. ती सहा पत्रं माझ्या पेटीत आहेत. शेवटचं कधीतरी उघडतो. अक्षर फार सुंदर आलंय. 'मी आता अगदी बरी आहे,' असं आहे त्यात. 'कागद झाला की लगेच न्यायला या.'