कादरभाईचे पावसाळी टायर

एप्रिलमधल्या एका सकाळी सिंदेवाहीहून फोन आला, "कादरभाई गेले." मी तेव्हा नागपूरला मुलीकडं होतो. मिळेल ती बस धरून निघालो, पण पोहोचेपर्यंत माती देऊन झाली होती. शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. आता दीड महिना होत आला, तरी दुकानावरून जाताना मान आपोआप तिकडं वळते...

बसस्टँडजवळ त्यांचं टायरचं दुकान आणि समोर माझं धानाच्या बियाण्याचं. ऐन पावसाळ्यात खेडोपाडी बियाणं पोहोचवायला माझी जुनी जीप लागायची. मृग लागायच्या आत कादरभाई माझे उन्हाळी टायर उतरवायचे, खोल नक्षीचे पावसाळी चढवायचे आणि उतरवलेला जोड आपल्या दुकानात मागच्या भिंतीला रचून ठेवायचे. दिवाळीनंतर पुन्हा उलट. गावातल्या निम्म्या जीपा त्यांनी या शिस्तीला लावल्या होत्या. म्हणायचे, "डांबर तापलं का खोल नक्षी झिजून जाते, अन् कन्हारीत गुळगुळीत टायर नुसता जागच्या जागी फिरते." कन्हार म्हणजे आमच्याकडची काळी चिकट माती, चपलेला लागली तर चप्पल तिथंच ठेवून यावं लागतं. दुकानात एका टायर कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर बर्फातून चाललेली मोटार. त्याकडं बोट दाखवून कादरभाई हसायचे, "यायले हिवाळ्याचा अलग टायर लागते म्हणते. आपल्या इथी थंडीत काय लागते भाऊ? बिडी!"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या एका दुकानदारानं मला बारमाही टायर दाखवले. ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, बदलायची कटकटच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसा मी चारही घेऊन आलो आणि मिरवत कादरभाईंना दाखवायला गेलो. त्यांनी नक्षीत अंगठ्याचं नख घालून पाहिलं. "डांबरावर ठीक आहे भाऊ. कन्हारीत दगा देईन." मला राग आला. चार लोकांसमोर मी बोलून गेलो, "तुम्हाला वर्षातून दोनदा चाकं खोलायला मिळतात ना, म्हणून तुम्हाला हे नको!" ते "बरं" एवढंच म्हणाले. त्या मृगाला त्यांनी मला हाक मारली नाही आणि मीही गेलो नाही. माझे पावसाळी टायर त्यांच्याच दुकानात पडून राहिले.

आषाढात, तीन दिवसांच्या झडीनंतर, सकाळीच ते माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले. नखशिखांत भिजलेले. त्यांची सलमा, एकुलती एक लेक, जंगलाकडच्या गावात दिलेली. तिला पहाटेपासून कळा सुरू होत्या आणि सुईणीनं हात टेकले होते. "भाऊ, गाडी काढा," एवढंच बोलले. मी किल्ली घेतली. जीपजवळ गेलो तेव्हा टायरांवर नजर गेली. अर्ध्या तासात चाकं बदलता आली असती. सुचलं मला, नाही असं नाही. पण त्यासाठी "तुमचं खरं होतं" असं म्हणावं लागलं असतं आणि ते माझ्या तोंडातून निघेना. आधीच उशीर झालाय, असं स्वतःला बजावून मी गाडी चालू केली.

सलमाच्या गावाच्या अलीकडे नाल्याचा चढ आहे. तिथं जीप आडवी झाली. नक्षी चिखलानं भरून गेली आणि चाकं साबण लावल्यासारखी फिरत राहिली. कादरभाईंनी झाडाच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या, अंगावरचं घोंगडं घातलं, शेवटी स्वतः चिखलात बसून हातांनी माती उकरली. बाजूच्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बाया-माणसांनी धक्के दिले. दोन तास गेले. सलमाला दवाखान्यात आणलं. ती वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं."

कादरभाई मला काही बोलले नाहीत. मी वाट पाहत होतो. त्यांनी शिव्या द्याव्यात, गचांडी धरावी. आठ दिवसांनी ते स्वतः जॅक घेऊन आले, माझे पावसाळी टायर चढवले आणि म्हणाले, "चला भाऊ, चहा घेऊ." त्यानंतर दर मृगाला चाकं बदलली, दर संध्याकाळी त्यांच्या दुकानातल्या बाकावर चहा झाला, धानाच्या गप्पा झाल्या. तो नाला मात्र आमच्या बोलण्यात कधी आला नाही. कितीदा ओठांवर आलं... मी गिळून टाकलं. त्यांच्या गप्प बसण्याला मी माफी समजत होतो, आणि ती माफी मला फार जड व्हायची.

त्यांच्या चाळिसाव्या दिवशी घरी गेलो. जेवणं झाल्यावर सलमा म्हणाली, "काका, दुकानात चला. थोडं बोलाचं आहे." आता तिला दोन मुलं आहेत. बाकावर बसली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "जायच्या आधी अब्बा सांगून राह्यले होते. त्या दिवशी तुमच्या दारात त्यायनं टायर पाह्यले होते. म्हणे, मले समजलं होतं गाडी निघत नाई म्हणून. दुकान समोरच होतं, अर्धा घंटा लागला असता. पण भावानं चार लोकात बोललं होतं, मी आपल्या तोंडानं टायर बदला काऊन म्हणू, अशी अकड आली. मीच माह्या नातीले मारलं, म्हणे. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली त्यायले."

कसंबसं म्हणालो, "बाई, मलाही सुचलं होतं. त्याच क्षणी. मीच बोललो नाही."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाजात राग नव्हता.

"हे अब्बाले सांगाचं होतं ना, काका..."

ती घरात गेली, तरी मी बराच वेळ तिथंच होतो. उठताना लक्षात आलं, एवढा लांब बाक रिकामा असूनही मी अगदी टोकाला, अंग चोरून बसलो होतो. त्यांची जागा सोडून.