शेजारणीच्या वाडग्यातली कोशिंबीर

आता कसं सांगू तुम्हाला! माझं जर्मन चांगलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून आधी. परीक्षा दिलीय, सर्टिफिकेट आहे, म्युनिकमध्ये दोन वर्षं मास्टर्स केलंय, आणि घरमालकाशी हीटिंगवरून जर्मनमध्ये भांडून जिंकलेय. तर.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. वरवर लेकीला भेटायला. खरं कारण वेगळं होतं. मला तिथेच पीएच.डी.ची जागा मिळत होती आणि बाबांचा फोनवर एकच धोशा होता, "दोन वर्षं म्हणून गेलीस, दोन वर्षं झाली. आता परत ये." मी फोनवर तासभर वाद घातला, कॉलिंग कार्ड संपलं, तरी ते हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी येतो. तू तिथे कशी राहतेस ते डोळ्यांनी बघतो. मग बोलू."

म्हणजे माझी परीक्षाच की हो! या पोरीला इथलं सगळं जमतं, हिला इथे कुणी परकं समजत नाही, हे चार-पाच दिवसांत बाबांना पटवायचं होतं.

त्यात आई बाहेरचं खात नाही. बेकरीत गेलो तरी "यात अंडं आहे का गं?" म्हणून मला काउंटरवर उभं करणार. मग मी डोकं चालवलं. डोंगरात, नॅशनल पार्कच्या पायथ्याशी एक कॅम्पिंगची जागा शोधली. तिथे लोक आपापले कॅराव्हॅन आणि मोबाइल होम घेऊन येतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी तिथलेच दोन-तीन कॅराव्हॅन भाड्याने असतात. त्यातला एक घेतला. आत दोन शेगड्यांचा गॅस, म्हणजे आईचा प्रश्न मिटला. समोर बर्फाचे सुळके, म्हणजे बाबांच्या कॅमेऱ्याचा प्रश्न मिटला. सगळीकडे पोरंबाळं, घसरगुंड्या, छोट्या सायकली. झकास!

पोचल्यापासून मी नियम सांगायला सुरुवात केली. दुपारी एक ते तीन इथे शांतता पाळतात, मोठ्याने बोलायचं नाही. कचरा चार ठिकाणी टाकायचा. दुसऱ्याच्या जागेतून शॉर्टकट मारायचा नाही. हिंगाची फोडणी खिडकी उघडून द्यायची. नाही, खिडकी बंद करून.

"हे कॅम्पिंग आहे की बोर्डाची परीक्षा?" बाबा म्हणाले.

"बाबा, इथे असंच असतं."

बाबांचा खरा त्रास वेगळाच होता. ते दिसेल त्या जर्मन माणसाशी मराठीत बोलत. "काय, आज ऊन बरं पडलंय!" असं खुशाल. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"बाबा, त्यांना मराठी येत नाही."

"मला कुठे जर्मन येतं? फिट्टंफाट."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासून परत येत होते, तर शेजारच्या कॅराव्हॅनमधली बाई धावत आली. आदल्या दिवशी फक्त नावापुरती ओळख झाली होती. तिचं नाव उशी. हो, खरंच उशी. बव्हेरियात असतं असं नाव. आईने ऐकल्याबरोबर विचारलं होतं, "आणि नवऱ्याचं काय? गादी?" तिला लेनी नावाची सहा-सात वर्षांची मुलगी होती, दोन वेण्यांची.

तर उशी आली आणि बोलायला लागली. अहो, काय बोलायला लागली! अस्सल डोंगरी बव्हेरियन बोली, तीही एक्सप्रेस. माझ्या सर्टिफिकेटमध्ये असलं काही नव्हतं! वाक्य कुठे सुरू झालं, कुठे संपलं, पत्ता नाही. तिने डोंगराकडे हात केला, मग आपल्या कॅराव्हॅनला जोडलेल्या तंबूकडे, मग दोन बोटं दाखवली, आणि माझ्या हातात एक मोठा वाडगा ठेवला. आत गाजराचे तुकडे, काकडी, सफरचंद आणि कसली तरी हिरवी पानं.

आता "बाई, जरा सावकाश बोला" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मागे बाबा उभे होते. चहाचा कप घेऊन, एकटक बघत.

मी म्हणाले, "जा, जा. गेनाऊ! क्लार! गेर्ने!" म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, अर्थातच, आनंदाने!

उशीचा चेहरा असा उजळला, की मिठीच मारणार होती. लेनीने तर पुढे येऊन माझा हात दोन्ही हातांत धरून गंभीरपणे हलवला. मग पाठीला सॅक लावून सगळं कुटुंब डोंगराकडे चालायला लागलं.

"काय म्हणाली गं?" बाबांनी विचारलं.

"म्हणाली, आमच्याकडे तुमचं स्वागत आहे. हे घरचं सॅलड. आणि संध्याकाळी दोन्ही कुटुंबांनी एकत्र जेवायचं, त्यांच्या तंबूत." दोन बोटं होती ना, म्हणून दोन कुटुंबं.

"एवढं बोलली आणि एवढंच?"

"जर्मन वाक्यं लांब असतात, बाबा."

"नाही, पण ती छोटी मला सकाळी नळावरून हाताला धरून घेऊन गेली होती तिच्या—"

"बाबा, नंतर! आई, तू याची कोशिंबीर कर."

आईने गाजर-काकडी किसली, दाण्याचं कूट घातलं, जिऱ्याची फोडणी दिली. पानांपाशी थांबली. "सायले, हे काय आहे?"

"रुकोला. इटालियन असतो. महाग मिळतो इथे."

बाबांनी एक पान चावलं. "कडूजहर आहे गं. आणि हीच पानं तर ती पोरगी त्या—"

"बाबा, चव डेव्हलप करावी लागते!"

खाल्लं बिचाऱ्यांनी. सगळं. मी पानंसुद्धा दोनदा घेतली, उदाहरण म्हणून.

आता वाडगा रिकामा परत द्यायचा? आईच्या राज्यात हे शक्य नाही. तिने त्यात शिरा भरायचं ठरवलं. आणि जेवायला बोलावलंय म्हटल्यावर हात हलवत कसं जायचं? मग बटाटेवडे. मग पुऱ्या. दुपारभर त्या दोन शेगड्यांवर आई घाम गाळत होती, मी पुऱ्या लाटत होते, आणि बाबा मधूनमधून गाजर घेऊन बाहेर जात होते. मला वाटलं, फिरता फिरता खातायत.

संध्याकाळी आईने सिल्कची साडी नेसली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही तिघं भांडी घेऊन वीस पावलांवरच्या उशीच्या तंबूत वरात काढल्यासारखे गेलो.

तंबूत चिटपाखरू नाही! टेबल नाही, ताटं नाही, उशी नाही, गादी नाही. फक्त कोपऱ्यात एक पिंजरा, आणि त्यात तपकिरी-पांढरा गुबगुबीत गिनीपिग. आम्हाला बघताच "वीक! वीक! वीक!" करायला लागला.

"याची वेळ झाली," बाबा म्हणाले आणि खिशातून गाजर काढलं. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून!

"बाबा! हात लावू नका! लोकांच्या जनावरांना आपण विचारल्याशिवाय खायला घालत नाही. इथे प्रायव्हसी असते."

"अगं, पण सांगितलंय ना तिने. लेनीने."

"तुम्हाला जर्मन येतं का?"

"नाही."

"मग?"

बाबांनी गाजर खिशात ठेवलं.

आता मला राग यायला लागला. जेवायला बोलावतात आणि गायब होतात? माझी आई दुपारभर तळतेय! शिवाय हा मुका जीव कोंडून ठेवलाय, ताटली रिकामी, आसपास माणूस नाही! माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. इथे नियम आहेत ना? मग नियमानेच जाऊ. बाबांनाही दिसू दे, मी इथे कशी वावरते ते.

"तुम्ही थांबा इथेच," म्हणाले आणि तरातरा ऑफिसात गेले.

ऑफिसात प्लात्सवार्ट बसले होते, म्हणजे त्या जागेची सगळी व्यवस्था बघणारे, भरघोस मिशांचे आजोबा. समोर उद्याच्या पावांची ऑर्डर द्यायला आठ-दहा जणांची रांग. मी रांग मोडली नाही. नियम म्हणजे नियम! माझा नंबर आल्यावर मात्र मी जे भाषण ठोकलं, ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम जर्मन होतं. एकही चूक नाही. म्हणाले, आमच्या शेजारी एका प्राण्याला दिवसभर उपाशी ठेवण्यात आलंय. हा छळ आहे. माझ्या देशात मुक्या जनावरांना असं वागवत नाहीत. हे ज्या बेजबाबदार व्यक्तीमुळे घडलंय, तिला शोधून काढा आणि जाब विचारा!

रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. एक बाई तर म्हणाली, "अगदी बरोबर बोलतेय मुलगी!"

आजोबांनी चष्मा वर केला. "कुठला प्राणी म्हणालात?"

"गिनीपिग. शेजारच्या तंबूतला."

"उशीचा?"

"हो!"

आजोबा माझ्यासाठी अगदी सावकाश, शाळेतल्यासारखं शुद्ध जर्मन बोलायला लागले. "उशी सकाळी इथे आली होती. ते आज वर डोंगरातल्या हटमध्ये मुक्कामाला गेलेत, उद्या येतील. लेनी गिनीपिगला सोडून जायला तयारच नव्हती. रडत होती. मग उशी म्हणाली, काळजी नाही, शेजारच्या भारतीय मुलीने शब्द दिलाय. गिनीपिगला काय काय खायला घालायचं, ते तिच्याकडे वाडग्यात कापून दिलंय. दिवसातून दोनदा."

आणि त्यांनी दोन बोटं वर केली.

मी त्या दोन बोटांकडे बघत राहिले.

"ती बेजबाबदार व्यक्ती," आजोबा म्हणाले, "बहुतेक सापडली."

तुम्ही कधी स्वतःविरुद्ध तक्रार केलीय? तीही बिनचूक व्याकरणात? मी केलीय.

"पण तो वाडगा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आता काय सांगणार! दाण्याचं कूट आणि जिऱ्याची फोडणी घालून आम्ही खाल्ला? "आहे... म्हणजे... आमच्याकडे आहे," एवढंच म्हणाले. खोटं नव्हतं ते.

आजोबा उठले आणि माझ्याबरोबर निघाले. रांगेतले तिघंचौघंही, आपल्याला काही काम नाही असं दाखवत, मागून. मला लेनीचा सकाळचा चेहरा आठवत होता, माझा हात दोन्ही हातांत धरलेला.

तंबूत पोचलो, तर बाबा छोट्या स्टुलावर बसलेले, इस्त्रीच्या शर्टात, आणि गिनीपिग त्यांच्या हातातून गाजर खातोय. "सावकाश रे बंड्या, पळून नाही जात ते." बंड्या! नामकरणसुद्धा झालं होतं.

आजोबांनी जर्मनमध्ये विचारलं, "दुपारीही दिलंत का?"

बाबांनी मराठीत उत्तर दिलं, "दुपारी गाजर आणि गवत घातलं, पाणी बदललं. आत्ताचं हे." आणि दोन बोटं वर केली.

आजोबांनीही दोन बोटं वर केली.

"गेनाऊ!" बाबा म्हणाले. आलं होतं त्यांना तेवढं, माझ्याकडूनच.

मग आजोबा बसले आणि त्यांनी चार बटाटेवडे खाल्ले. दोघं बराच वेळ बोलत होते, एक बव्हेरियनमध्ये, एक मराठीत. मी मध्ये एकदा भाषांतर करायला गेले, तर दोघांनीही मला हातानेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उशीकडचे परत आले. लेनी सॅक फेकून आधी पिंजऱ्याकडे धावली, मग बाबांकडे, आणि त्यांच्या कमरेलाच बिलगली. आईने उशीच्या हातात वाडगा ठेवला, काठोकाठ भरलेला केशरी शिरा, वर बेदाणे. उशीने बघितलं, वास घेतला, आणि मला काहीतरी विचारलं.

नेमकं हेच वाक्य मला शब्दन्‌शब्द कळलं. ती विचारत होती, "हे पण गिनीपिगसाठीच का?"

"काय म्हणाली गं?" आईने उत्सुकतेने विचारलं.

"म्हणाली, छान झालाय."

"गेनाऊ, क्लार, गेर्ने," मी उशीला म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

निघायच्या दिवशी बस स्टॉपवर बाबा एकदम म्हणाले, "सायली, कर तू पीएच.डी. राहा इथे."

माझा कानांवर विश्वास बसेना. "खरंच, बाबा? पटलं ना तुम्हाला? मी इथे किती रुळलेय ते?"

"रुळलीस?" बाबांनी बॅग उचलली. "भाषा कुठे येतेय अजून? चार वर्षं तरी लागतील. तोवर काही अडलंच तर मला फोन लाव. मी बोलतो त्यांच्याशी मराठीत."