साखरपुड्यात सोडलेला वाघ

आता काय सांगू तुम्हाला, आपल्या अकलेचे दिवाळे भर मांडवात, तेही माईकवर काढायचे म्हटले, तर माझ्यासारखा माणूस अख्ख्या नांदेडात सापडणार नाही!

मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. गल्लोगल्ली क्लास निघालेले, आमची बॅच फुल, आणि मी हवेत. त्यात रेखा नावाच्या विद्यार्थिनीचा हिमायतनगरला साखरपुडा निघाला. मला सहकुटुंब आवतन. नवरदेव किनवटच्या जंगलात वनरक्षक. रेखाच्या वडिलांनी, मारोतरावांनी, माझ्या हातात माईक दिला. "सर, दोन शब्द बोला."

मास्तराला दोन शब्द सांगतात का कधी?

जावई जंगलातला, म्हणून मी वाघ धरला. "प्राणिसंग्रहालयातल्या वाघांचा जंगलाला उपयोग काय? तिथला बछडा उचलून जंगलात सोडता येत नाही. त्याला आयतं मटण मिळालेलं, शिकार येत नाही, माणसाची भीती नाही. पण तो राखून ठेवलेल्या बियाण्यासारखा! उद्या जंगलातले वाघ संपत आले, तर वंश हाताशी राहतो. आजारांवरचे इलाजही तिथंच शिकायला मिळतात."

लोक कौतुकानं ऐकत होते. इथंच खाली बसायचं की नाही?

"मात्र बियाणं निरोगी पाहिजे! म्हणून वाघांचंसुद्धा नातं बघतात. वाघीण दूरच्या गावाहून आणतात. जवळच्या नात्यात जोडी लावली, की पिल्लं अधू, तिरळी!"

मारोतराव माझा सदरा ओढायला लागले. मला वाटलं, मागं ऐकू जात नाही. मी आवाज चढवला. "भावाची लेक अन् बहिणीचा लेक, बिलकुल चालणार नाही! समजलं का?"

क्लासमध्ये यावर 'हो सर' असा गजर होतो.

इथं मात्र नवरदेवाची आई उठली. "दादा, तुझी लेक मी माझ्या लेकाला करून राहिले, हे सांगितलं न्हाई का मास्तरला?"

मारोतराव तिचे सख्खे भाऊ! म्हणजे ती रेखाची आत्या!

"ताई, हे फक्त वाघांसाठी हो!"

"म्हंजे वाघाच्या पिल्लांची काळजी, अन् माझ्या नातवंडांची न्हाई? चला रं, ती अंगठी खिशात घाला!"

रेखा हुंदके द्यायला लागली. लहानपणापासून दोघांचा जीव एकमेकांवर, आणि मी दहा मिनिटांत त्यावर पाणी फिरवलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तेवढ्यात बायकांमधून माझी बायको उठली. "बसा वो ताई. मी यांच्या सख्ख्या मामाची लेक. आमची दोन्ही लेकरं ठणठणीत हायेत."

हो की! इतक्या वर्षांचा संसार, आणि भाषण ठोकताना मला त्याची आठवणच नाही!

आत्याबाई बसल्या. अंगठी खिशातून बाहेर आली, रेखाच्या बोटात गेली. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लेकरं बरी हायेत, तर मग हे असं कसं निघालं?"

"त्याचंच तर नवल हाय, ताई," बायको म्हणाली. "यांच्या आईबापाचं तर लांबचं बी नातं न्हवतं!"