मेंदूला न विचारता

नेर गावात एसटी स्टँडमागे माझं फिजिओथेरपीचं सेंटर आहे. आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस स्वतःच्याच हाताला "ऊठ" म्हणतो आणि हात ऐकत नाही, तिथे दिवसभर तमाशाच चालतो. घरी सांगायला घेतलं की आई माझ्या लग्नावर येते, म्हणून तुम्हाला सांगते.

*

रिटायर्ड हेडमास्तर वसंतराव आले. तक्रार एकच, कंबर वाकत नाही. मी स्टुलावर समोर बसून गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय उडाला, मला लागला. मास्तर झटकन वाकले, माझ्या गुडघ्याला हात लावून कपाळाला नेला. "माफ करा, म्याडम, पाय लागला."

पुन्हा मारली. पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार.

मी समजावलं, "सर, हा पाय तुम्ही उचलत नाही. मज्जारज्जू परस्पर उचलतो, मेंदूला विचारत नाही."

"मंग नमस्कार?"

"तो मेंदूतून येतो."

"बंद करा बाप्पा हातोडी," मास्तर म्हणाले, "मले वाकता येत नाही."

*

शामराव एसटीचे ड्रायव्हर. लकवा मारला आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. पाय मात्र बरे सुधारले होते. पोरीचं लग्न ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "म्याडम, मले गाडी नाही चालवाची. पोरीवर उजव्या हातानं अक्षता टाकाच्या हायेत. डाव्या हातानं नाही टाकनार."

मी "बघू" म्हटलं. खरं तर मलाच धीर नव्हता.

त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना, नीट सांगितलं की उजव्या हाताची दोरी मेंदूच्या डाव्या बाजूला असते, बिघाड तिथे आहे. दुसऱ्या दिवशी शामरावांचं डाव्या बाजूचं डोकं तेलानं थबथबलेलं, उजवी बाजू कोरडी.

"ते बाजू चांगली काम करून राह्यली," कमलाबाई म्हणाल्या. "तिले कायले तरास?"

*

मग आरसा आणला. चांगला हात आरशासमोर हलवायचा, लुळा मागे लपवायचा. मेंदूला वाटतं, लपलेलाच हलतोय. शामरावांनी पाहिलं, डावा हात गोल फिरवला आणि एकदम मान वळवली.

"काय झालं?"

"मांगून गाडी येऊन राह्यली वाटलं."

ज्याचा उभा जन्म गाडीच्या आरशात बघण्यात गेला, त्याच्या मेंदूला मी काय फसवणार?

*

एकदा त्यांना मोठी जांभई आली आणि उजवा हात आपोआप वर आला. कमलाबाई रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "असं होतं काही जणांचं. जांभईची वायर वेगळी असते."

हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी सगळ्या पेशंटना शामरावांसमोर बसवून जांभया द्यायला लावलं. वसंतराव खुर्चीतच घोरायला लागले. माझेही डोळे मिटत होते. शामराव तेवढे टक्क जागे.

"काहून नाही येत तुमाले?" कमलाबाई चिडल्या.

"सारे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले," ते म्हणाले. "कशी येईन?"

त्या दिवशी हात काही हलला नाही.

*

लग्नात शामराव पहिल्या रांगेत, खुर्चीवर. उजव्या मुठीत कमलाबाईंनी अक्षता भरून दिलेल्या. मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसले होते, कोपराला आधार देत. प्रत्येक मंगलाष्टकाला मी म्हणायची, "टाका." ते दात-ओठ खायचे, मान लाल व्हायची, हात जागचा हलायचा नाही. भोवती सगळ्यांच्या अक्षता उडत होत्या. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तसे त्यांचे डोळे भरून आले.

"डाव्यानं टाका ना," कमलाबाई हळूच म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही."

मलाच बघवेना. मी कोपर सोडलं आणि मान खाली घातली.

"सावधान!"

वाजंत्री कडाडली. शामराव दचकले, त्यांचा डावा पाय उडाला आणि माझ्या खांद्यावर बसला.

पाय लागला तसा उजवा हात उठला. माझ्या डोक्यावर आला, बोटं उलगडली, सगळ्या अक्षता माझ्या केसात पडल्या. हात तसाच त्यांच्या कपाळाला जाऊन टेकला.

अंतरपाट उतरला होता, पण नवरी नवऱ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे बापाच्या हातावर होते. शामरावही त्याच हाताकडे बघत होते, गालांवर पाणी.

"म्याडम," ते म्हणाले, "पोरीचं राह्यलं. तुमचंच लगन लावलं म्या."