खालच्या रेघेपर्यंतचं पाणी

"बाबा, त्या रंगारी सिस्टर गेल्या," मयूरीनं मोबाइलवरची नजर न उचलता सांगितलं आणि मी विचारलं, "कोण रंगारी सिस्टर?"

तो प्रश्न खोटा होता. दुपारची वेळ, नागपुरातल्या हुडकेश्वरचं आमचं घर, मी पंख्याखाली पेपर घेऊन बसलेलो, तिच्या ट्यूशनची पोरं यायला अर्धा तास बाकी. "मुलांच्या दवाखान्यातल्या. बाटलीवाल्या," ती म्हणाली. मी "अच्छा" म्हणून पेपरचं पान उलटलं. थोड्या वेळानं तिनंच पुढे सांगितलं, की जुन्या पेशंटांच्या ग्रुपवर आलंय, रविवारी त्यांच्या घरी पुण्यानुमोदन आहे. "मी काही जाणार नाही." आणि ती आत गेली. ती का जाणार नाही हे मला माहीत होतं. तिला जे कारण वाटतं ते खरं नाही, हेही माहीत होतं. आतापर्यंत ते आम्हा दोघांना माहीत होतं, सिस्टरना आणि मला. त्या दुपारपासून मी एकटाच उरलो...

याला सहा आठवडे झाले. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. हे लिहितानाही चारदा उठलो. गेटची कडी पाहून आलो, गच्चीवर गेलो, कशाला गेलो ते विसरून खाली आलो. नोकरीत असताना माझा हात लिहिता होता. अर्ज, खुलासे, निवेदनं, कॉलनीत कोणालाही काही लिहून हवं असलं की माझ्याकडे यायचे. त्याच हाताला आज चार ओळी जड जाताहेत. पण कुठूनतरी सुरुवात करायला हवी.

मयूरीला सिकलसेल आहे. आमच्या विदर्भात हा शब्द सगळ्यांना माहीत असतो आणि कोणीच मोठ्यानं बोलत नाही. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि हातपाय असे ठणकतात की पोर भिंतीला डोकं लावून बसते. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर हे लेकराच्या वाट्याला येऊ शकतं. म्हणजे अर्धं माझ्याकडूनच आलेलं. एका बहिणीखेरीज मी ते कोणाला, माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. तेव्हा आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहत होतो. शेजारीपाजारी, शाळेत, नात्यात माझं एकच उत्तर तयार असे, "विकनेस आहे थोडा." मयूरीची आई अंगणवाडीत, तिला शनिवारी सुट्टी नसे, म्हणून महिन्यातून एका शनिवारी बसनं पोरीला नागपूरला न्यायचं काम माझ्याकडे होतं. मयूरी बारा वर्षांची झाली तेव्हा लहान मुलांच्या ओपीडीतून तिचं नाव रंगारी सिस्टरांच्या खोलीत गेलं.

ही खोली म्हणजे आधीचं स्टोअर. सिस्टरनी मागे लागून लागून ती मिळवली होती. बाकी दवाखान्याच्या भिंतींवर बदकं, ससे, फुगे. सिस्टरनी आपल्या खोलीतली बदकं चुना मारून घालवली. एका डॉक्टरांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पंधरा वर्साच्या पोराले बदकाखाली बसवून मिशीबद्दल काहून विचारता जी? तो काय सांगन?" बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चष्म्याची दोरी गळ्यात. मुलांना त्या खुर्चीवर बसवायच्या आणि स्वतः त्यांच्यापेक्षा खाली, स्टुलावर बसायच्या. बारा ते अठराची मुलं यायची, सिकलसेलची, डायबेटिसची, फिट्सची. औषध, वजन, रक्त हे तर चालेच, पण त्या विचारायच्या वेगळंच. झोप लागते का, शाळेत डबा कोणासोबत खाते, पाळी आली की शाळा बुडते का, चिडवतं का कोणी, आरशात पाहिलं की काय वाटते. या आजारात मुलं उशिरा वाढतात. चौदाव्या वर्षी मयूरी दहाची दिसायची. तिला एवढं कोणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

आणि त्यांची ती बाटली... या आजारात पाणी भरपूर प्यावं लागतं, आणि नागपूरच्या उन्हात तर जास्तच. पण मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण मग बाथरूमला जावं लागतं. म्हणून सिस्टर प्रत्येकाच्या बाटलीवर नेलपॉलिशनं तीन रेघा ओढायच्या. मधल्या सुट्टीपर्यंत वरची रेघ, शाळा सुटेपर्यंत मधली, घरी पोचेपर्यंत खालची. रंग मुलांनी निवडायचा. मयूरीनं पहिल्यांदा लाल निवडला. आणि खोलीत गेल्यावर पाच मिनिटांनी ती रिकामी बाटली त्या आईच्या नाहीतर बापाच्या हातात द्यायच्या. "जा ना भाऊ, भरून आणा. कूलर धीरे चालते, घाई नका करू." कूलर व्हरांड्याच्या पार टोकाला. त्याची धार करंगळीएवढी. बाटली भरायला दहा मिनिटं सहज लागत. कोणाला "बाहेर बसा" म्हणून अपमान नको आणि लेकराला दहा मिनिटं एकट्याला बोलायला मिळावीत, यासाठी ती धार बारीक होती हे मला फार उशिरा कळलं. दुरुस्ती करायला आलेल्या माणसाला त्यांनी परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

मयूरी चौदाची असताना तिच्या तपासण्या बिघडायला लागल्या. डॉक्टर दोनदा म्हणाले, सिकलसेलची कॅप्सूल रोज घेते ना? मी म्हणालो, घेते. त्या शनिवारी मला कूलरपाशी उभं राहवेना. बाटली अजून खालच्या रेघेलाही आली नव्हती, तशीच घेऊन मी परत आलो आणि पडद्याबाहेर थांबलो.

आत मयूरी बोलत होती. "महिना झाला, मी घेऊन नाही राहिली. बाबा सगळ्यायले सांगतात, हिले काही नाही, विकनेस आहे. काहीच नाही तर कॅप्सूल कायले खाऊ? आत्याले फोनवर म्हणत होते, हे बाहेर समजलं तर पोरीचं कसं होईन."

सिस्टर म्हणाल्या, "तुह्या बाबाले भेव लागते वं. भेलेला माणूस असाच बोलते." आणि पुढे, अगदी सरळ, "कॅप्सूलचं मले डॉक्टरले सांगावंच लागन. जिवाशी खेळ आहे तो, असं मी लपवत नाही हे तुले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण बाबाले तू सांग. महिनाभर थांबू नको, पुढच्याच शनिवारी ये. मी बाजूले बसीन."

मी पडदा बाजूला केला नाही. दोन पावलं मागे सरलो. सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या बाटलीकडे. "काय भाऊ, कूलर बंद आहे का?"

"हो," मी म्हणालो.

व्हरांड्यात कूलरचा आवाज चालूच होता. त्या एवढंच म्हणाल्या, "आठ दिवस तिले काही विचारू नका. थोडं थांबा."

मी आठ तासही थांबलो नाही. त्याच संध्याकाळी कॅप्सूल घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. गीळ. तोंड उघडून दाखव. ती माझ्याकडे पाहत राहिली. "सिस्टरनं सांगितलं तुमाले?" मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला. मी खोटं बोललो नाही, हे मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो आहे...

आणि बुधवारी मी दवाखान्यात एक अर्ज दिला. चारदा लिहिला, शुद्धलेखन तपासलं. "सदर परिचारिका अल्पवयीन मुलींना पालकांपासून गोष्टी लपवण्यास प्रवृत्त करतात." दोन पानं होती. मुलीनं कॅप्सूल का सोडली, ते वाक्य त्यात नव्हतं. तेच वाक्य सिस्टरना माहीत होतं आणि त्याचीच मला धास्ती होती. पोरीच्या तब्येतीपेक्षा, एका बाईला माझ्याबद्दल हे माहीत आहे, याची.

पुढच्या शनिवारी खोलीला कुलूप होतं. मोठ्या मुलांची खोली तूर्त बंद, रंगारी सिस्टर लसीकरणाला. मयूरी बाकावर दीड तास बसून राहिली, रिकामी बाटली मांडीवर. मला म्हणाली, "चुगली केली आणि आता तोंड लपवून राहिल्या." मी म्हणालो, "चल, बस चुकेल." त्यानंतर तिनं दुखणं सांगणंच सोडलं. दहावीच्या वर्षी शाळेत पाय ठणकत असताना तीन दिवस कोणाला बोलली नाही, चौथ्या दिवशी वर्गात कोसळली. नऊ दिवस भरती होती. सिस्टर रोज जेवणाच्या सुट्टीत यायच्या, वॉर्डच्या दारातच थांबायच्या, मला विचारायच्या, "पाणी पिते ना?" एकदा मयूरीनं त्यांना पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सिस्टरनी मान हलवली, जशी काही तपासणी ठीक आली आहे, आणि गेल्या.

त्या निवृत्त झाल्यावर एकदाच भेटल्या, चार वर्षांपूर्वी, इतवारीत, भांड्यांच्या गल्लीत. हातगाडीला वाट द्यायला मी एका दुकानाच्या पायरीवर चढलो तर शेजारी त्या, नातवासाठी स्टीलची बाटली उलटीपालटी करून बघत. पळायला जागा नव्हती. मी "सिस्टर, तो अर्ज..." एवढंच म्हणू शकलो.

"माहीत आहे मले. अक्षर चांगलं आहे तुमचं."

मी विचारलं, मग तुम्ही मयूरीला का नाही सांगितलं? ती तुम्हाला चहाडखोर समजते.

"समजू द्या ना. मी का तिच्या घरात राहतो? कॅप्सूल तिले रोज तुमच्या हातून घ्यायची होती. तुमच्यावर चिडली असती तर कोणाच्या हातून घेतली असती?" मग दुकानदाराला बाटली परत देत म्हणाल्या, "ह्यात काही दिसत नाही गा, पाणी कुठवर आलं ते. प्लास्टिकची दाखव." आणि माझ्याकडे वळून, "आता मोठी झाली ती. आता सांगा. मी नाही सांगणार, ते तुमचं आहे."

मी हो म्हणालो. चार वर्षं गेली. मयूरीचा वाढदिवस झाला की सांगू, नोकरीचं झालं की सांगू, माझी निवृत्ती झाली की... सिस्टर मला कधीही फोन करू शकल्या असत्या. त्यांनी केला नाही. मुलांची गुपितं ठेवायच्या तसंच त्यांनी माझंही ठेवलं, आणि त्याचा भार त्यांच्या नावावर राहिला.

पुण्यानुमोदनाला मी एकटा गेलो. वंदना झाली, भंतेजी बोलले, जेवणं झाली. त्यांच्या सुनेनं कपाटातून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पंधरा-वीस नेलपॉलिशच्या बाटल्या, बऱ्याचशा वाळलेल्या. "आईंनी जन्मात नखं रंगवली नाहीत," ती हसत म्हणाली, "आम्ही चिडवायचो, म्हातारपणी कोणाले दाखवता. काही सांगतच नव्हत्या." घरच्यांनाही माहीत नव्हतं. मी त्यांना बाटलीच्या रेघांचं सांगितलं. कूलरचं सांगितलं. अर्जाचंही सांगितलं. माझा आवाज वर गेला असावा, कारण बाजूची माणसं थांबली. त्यांच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "काका, हे तुम्ही इथं काहून सांगून राहिले? जिले सांगायचं ती आली आहे का?"

घरी आलो. मयूरी पोरांच्या वह्या तपासत होती. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा उठलो असतो. पडदा, अर्धवट भरलेली बाटली, तो ग्लास, अर्ज, इतवारी. तिनं पेन खाली ठेवलं नाही.

"सिस्टरले माहीत होतं?"

"हो."

"त्यांच्या घरच्यायले?"

"आज सांगितलं."

"म्हणजे मीच राहिली होती."

पुढचे बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. हा लेख छापायला देऊ का, विचारलं, तर वाचून म्हणाली, आजाराचं नाव गाळू नका, आता विकनेस लिहू नका. एक ओळ तिनं खोडली. कोणती, ते सांगणार नाही.

परवा दुपारी ती खोलीत बसली होती. समोर टेबलावर जुनी बाटली, नऊ वर्षांपूर्वीची, मी समजत होतो फेकली असेल. लाल रेघा जागोजागी उडालेल्या. मी दारात थांबलो, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं न बघता बाटली माझ्यापुढे धरली.

"भरून आणा. घाई करू नका."

मी स्वयंपाकघरात गेलो. नळ सोडला, मग बारीक केला, करंगळीएवढा. आतून तिचा आवाज येत होता, रडण्याचा असेल, फोनवर कोणाशी बोलण्याचा असेल. पाणी खालच्या रेघेशी आलं. पाय दाराकडे वळत होते. मी तिथेच उभा राहिलो. मधली रेघ आली... वरची यायला अजून वेळ होता.